सात माणसं आणि सेव्हन सीटर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घाटंजीजवळच्या गावातून दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस निघायचं, शेगाव, लोणार, चिखलदरा करून परत यायचं. माणसं सात. आई-बाबा, भाऊ-वहिनी, तुम्ही, तुमचे मिस्टर आणि नऊ वर्षांचा मुलगा. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पुण्याच्या भाच्यानं ॲपवर पाहून ‘फुल साइज’ गाडी घ्या म्हणून सांगितलं. यवतमाळचा एक जण एर्टिगा देतो म्हणतो, दुसरा इनोव्हा, आणि मिस्टरांच्या मनात नागपूरहून सेल्फ ड्राइव्ह आणायचं आहे. यातली कोणती घ्यावी?

मी दारव्ह्यात २४ वर्षं हाच धंदा करतो. क्वालिसवर सुरुवात केली, मग तवेरा, मग इनोव्हा, आता एर्टिगाही आहे. माझा माल म्हणून कोणत्याच गाडीची तरफदारी करत नाही. तुम्ही यवतमाळचीच घ्या, ते का ते पुढं सांगतो.

आधी ‘फुल साइज’चा घोळ मिटवू. हा शब्द परदेशातल्या गाडीभाड्याच्या कंपन्यांचा. त्यांच्याकडे लहान, मध्यम, स्टँडर्ड, फुल साइज अशी प्रतवारी असते आणि फुल साइज म्हणजे टोयोटा कॅमरीसारखी लांबलचक सिडॅन, पाच माणसांची. सात माणसं असली की तिथं मिनीव्हॅन किंवा मोठी एसयूव्ही असा वर्ग वेगळा. शिवाय बुकिंग वर्गाचं होतं, ठरावीक मॉडेलचं होत नाही, म्हणून चित्राखाली ‘किंवा तत्सम’ लिहिलेलं असतं. भाच्यानं वाचलं ते त्या देशापुरतं बरोबर आहे. आपल्याकडे ‘मोठी गाडी पाह्यजे’ म्हटलं की समोरचा इनोव्हा, एर्टिगा, स्कॉर्पिओ, बोलेरो, क्रूझर यांपैकी जी अंगणात उभी असेल ती मनात धरतो. ‘किंवा तत्सम’ मात्र आपल्याकडेही आहे, फक्त कुठं लिहिलेलं नसतं. सांगताना इनोव्हा आणि सकाळी दारात दुसरीच गाडी, हे मी पाहिलं आहे, आणि सुरुवातीच्या काळात एक-दोनदा केलंही आहे. म्हणून बयाना देतानाच गाडीचा नंबर व्हॉट्सॲपवर मागून घ्या.

आता मुद्द्याचं. तुम्ही सात जण, एर्टिगा सेव्हन सीटर, म्हणजे बसलं गणित, असं तुम्ही लिहिलंत. बसत नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, जी आसनसंख्या असते ती ड्रायव्हर धरून असते. एर्टिगात पुढं दोन, मधे तीन, मागं दोन. पुढच्या दोनांतला एक ड्रायव्हर. उरले सहा. मुलगा मांडीवर बसेल म्हणाल, तर नऊ वर्षांचं पोरगं मांडीवर घेऊन घाटंजी ते यवतमाळ जाऊन पाहा, मग बोलू. दर दिवाळीला माझ्या दारात ‘सेव्हन सीटर हाय ना भाऊ, मंग सात जन काऊन नाई’ असं म्हणणारं एक तरी कुटुंब उभं असतं. चूक त्यांची नाही. ड्रायव्हर माणूस आहे आणि त्यालाही सीट लागते, हे भाडं ठरवताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

इनोव्हातही दोन जाती आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एकीत मधल्या रांगेत दोन सुट्या सीटा असतात, त्याला कॅप्टन सीट म्हणतात. दिसायला छान, बसायला त्याहून छान, पण गाडी होते सात सीटची. दुसरीत मधे सलग बाकडं असतं, तीन माणसांचं, मागं तीन, पुढं दोन. ही आठ सीटची. ड्रायव्हर सोडून सात. तुमच्यासाठी ही. फोनवर ‘इनोव्हा पाहिजे’ एवढंच म्हणालात तर कॅप्टन सीटची येईल आणि सातवा माणूस दारात उभा राहील. ‘इनोव्हा क्रिस्टा, एट सीटर, मधे बेंच सीट’ असे पूर्ण शब्द वापरा.

क्रूझर किंवा ट्रॅक्समध्ये माणसं भरपूर मावतात, भाडंही परवडतं, आणि वऱ्हाडात लग्नाची अर्धी वरात अजून त्यातच जाते. पण ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन चार दिवस त्यात नको. बोलेरोच्या मागच्या सीटा तर आडव्या, एकमेकांकडे तोंड करून. घाटात त्यावर बसलेल्या माणसाची नाष्ट्यावर फार वेळ सत्ता राहत नाही.

माझी जुनी सवय सांगतो, ती तुम्ही उचला. गाडी पाहायला गेलात की बॉनेट, म्युझिक, सीट कव्हर यांत वेळ घालवू नका. सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसा, दार लावून घ्या, आणि दहा मिनिटं तिथंच भाड्याची बोलणी करा. गाडी पसंत करणारा माणूस बहुतेक वेळा पुढं बसतो, आणि मागं बसतात त्या घरातल्या सुना, बहिणी, पोरं. त्यांना कुणी विचारत नाही. तिसऱ्या रांगेत बसल्यावर गुडघे छातीशी येतात का, डोकं छताला लागतं का, काच उघडते का, एसीचा वारा पोचतो का, हे दहा मिनिटांत कळतं. एर्टिगाच्या तिसऱ्या रांगेत साडेपाच फुटाखालचा माणूस शंभर किलोमीटर नीट जातो, पुढं त्याचे पाय बोलायला लागतात. क्रिस्टात जरा बरं आहे, पण तिथंही मधली सीट पुढं-मागं सरकते, आणि मधला माणूस ऐसपैस बसला की मागच्याचा जीव जातो. कोण किती सरकवणार हे घरीच ठरवा. रस्त्यात ठरवलं तर भाऊबीजेपर्यंत अबोला.

बाबांचं वेगळं बोलायला हवं. मागं एका काकांना मी इनोव्हात घेऊन गेलो होतो, अमरावतीला तपासणीसाठी. मुलानं कौतुकानं कॅप्टन सीटची गाडी सांगितली होती, की बाबा मधे राजासारखे बसतील. काका दारापाशी आले, एक हात वरच्या कडीला, दुसरा सीटच्या पाठीवर, आणि उजवा पाय उचलून आत घालायला गेले तर तो अर्ध्यावरच थांबला. मुलगा म्हणे, “बाबा, पाय वाकवा जराक.” काका म्हणाले, “वाकला असता तं तुह्या गाडीत कायले बसलो असतो बाप्पा, पायीच गेलो असतो!” शेवटी मी हॉटेलातून चहाचं लाकडी खोकं मागून आणलं, ते दाराखाली ठेवलं, त्यावर चढून आधी बूड सीटवर, मग दोन्ही पाय एकदम आत, असं केलं. तेव्हापासून माझ्या डिक्कीत एक लाकडी पाट कायम असतो, चार बोटं उंचीचा. उंच गाडीत चढायला तो लागतो आणि एर्टिगासारख्या बुटक्या गाडीत लागत नाही. हा एर्टिगाचा एक खरा गुण.

बाबांना ड्रायव्हरच्या बाजूला बसवा. ती सीट पूर्ण मागं सरकते, पाय लांब होतो, दार रुंद उघडतं, उतरायला-चढायला कुणाला हलावं लागत नाही. पुढं बसायचा मान मिस्टरांचा असेल तर त्यांनी यावेळी सोडावा. आई मधल्या रांगेत डाव्या दाराशी. मागं भाऊ, वहिनी आणि मुलगा. दर दीड तासानं गाडी थांबवायची आणि बाबांना पाच मिनिटं चालवायचं, हे ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा. नाहीतर तो बिचारा वेळ भरून काढायच्या नादात असतो.

सामानाकडे या. तिसरी रांग उघडी असताना एर्टिगाच्या डिक्कीत २०९ लिटर जागा उरते, क्रिस्टात ३००. लिटरचा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून असं समजा: एर्टिगात दोन लहान बॅगा उभ्या आणि वर फराळाची पिशवी, क्रिस्टात त्यावर अजून एक-दोन पिशव्या. सात माणसांचे चार दिवसांचे कपडे, चिखलदऱ्याच्या थंडीचे स्वेटर, आईची वेगळी पिशवी, पाण्याचा जार, हे दोन्हींत मावत नाही. टपावर कॅरियर लागणार. कॅरियर आहे का, ताडपत्री आणि दोरी आहे का, ते विचारा. सीएनजीची एर्टिगा असेल तर टाकी डिक्कीतच बसवलेली असते, मग सामानाचा विषयच संपला. शिवाय मेळघाटाच्या अंगाला सीएनजीच्या भरवशावर कुणी जात नाही, म्हणजे घाटात ती पेट्रोलवरच चालणार आणि स्वस्ताईचा हिशेब तिथं बिघडणार. टपावर हलकं आणि पसरट सामान ठेवा. जड ते खाली. टपावर दीडशे किलो लादून घाटाच्या वळणावर गेलं की गाडी कशी कलते ते तुम्हाला शब्दात सांगता येणार नाही.

चिखलदरा १,११८ मीटर उंचीवर आहे. परतवाडा सोडलं की थोड्या वेळात चढण सुरू होते. ड्रायव्हर धरून सात माणसं, टपावर सामान आणि दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, म्हणजे एर्टिगा बराच वेळ दुसऱ्या गिअरात आणि एसी बंद. चढते, चढत नाही असं नाही. पण घाटात एसटीच्या मागं अडकली की ओव्हरटेक विसरा. क्रिस्टाचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन कुरकुर न करता नेतं. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: क्रिस्टाची ताकद मागच्या चाकांवर असते, एर्टिगाची पुढच्या. भरलेली गाडी चढाला लागली की वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि खडी सुटलेल्या ठिकाणी पुढचं चाक जागीच फिरतं. नवीन इनोव्हा हायक्रॉसही पुढच्याच चाकांवर चालते. आराम फार सुंदर, पण ही बाब ध्यानात असू द्या.

याची किंमत मी एकदा मोजली आहे. उमरखेडकडच्या एका गावात लग्नाचं भाडं होतं, मार्चमधे. आदल्या रात्री अवकाळी झाला. डांबरी रस्त्यापासून मांडवापर्यंत फक्त अर्धा किलोमीटर पांधण, म्हणजे शेतातली कच्ची वाट. काळ्या मातीचा चिखल कसा असतो तुम्हाला सांगायला नको. चाकाला चिकटतो, मडगार्डात भरतो आणि चाक फिरेनासं होतं. माझी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी दीडशे फुटांवर बसली. मामालोक रेशमी कुर्त्यात चिखलात उतरले. शेवटी ट्रॅक्टर आला, त्यानं ओढून काढली, आणि नवरदेवाच्या आधी गाडीची आंघोळ झाली. तुमच्या रस्त्यात पांधण नाही, दिवाळीत जमीनही वाळलेली असते. पण तुमच्या गावात गाडी थेट दारापर्यंत येते का, की शेवटचा तुकडा कच्चा आहे, हे गाडीवाल्याला सांगून ठेवा.

आता पैसा, आणि इथं जरा लक्ष द्या, कारण गाडी निवडण्यापेक्षा जास्त पैसे इथं वाचतात. बाहेरगावच्या भाड्याला किलोमीटरचा भाव असतो आणि त्यासोबत रोजचे किमान किलोमीटर, बहुतेक जण ३०० धरतात. म्हणजे गाडी शंभर चालली तरी बिल ३०० चं. चार दिवसांचे झाले १,२००. तुम्ही लिहिलेला क्रम घाटंजी, शेगाव, लोणार, पुन्हा मागं येऊन चिखलदरा, घर असा आहे. त्यात लोणारला जाऊन त्याच वाटेनं परत यावं लागतं. साधारण पावणेनऊशे किलोमीटर होतात. क्रम फिरवा. पहिल्या दिवशी यवतमाळ, दारव्हा, कारंजा. कारंज्याला समृद्धी महामार्ग धरा, मेहकरला उतरा, तिथून लोणार जवळच. दुसऱ्या दिवशी लोणारहून मेहकर, खामगाव, शेगाव. तिसऱ्या दिवशी पहाटे दर्शन घेऊन अकोट, अंजनगाव, परतवाडा, चिखलदरा. चौथ्या दिवशी अमरावती, नेरवरून घर. हे साडेसातशेच्या आसपास बसतं, आणि बाबांना एकाही दिवशी फार लांब बसावं लागत नाही.

समजा भाव १८ रुपये किलोमीटर आहे. १,२०० चे होतात २१,६०० रुपये, आणि तुमचा प्रवास प्रत्यक्षात ८०० च्या आतच होणार. म्हणून गाडीवाल्यापुढं हाच कागद ठेवा आणि म्हणा, भाऊ, दिवसाचे २०० धर, नाहीतर ठोक सांग. नागपूरची मोठी एजन्सी ऐकणार नाही, यवतमाळ-दारव्ह्याचा गाडीवाला ऐकतो. २०० धरले तर ८०० चे १४,४००, २५० वर तुटलं तरी १८,०००. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. दिवस कसा मोजणार तेही विचारा. काही जण चोवीस तासांचा दिवस मोजतात, काही जण रात्री बाराला दिवस बदलतात. पहाटे चारला निघून चौथ्या दिवशी रात्री साडेबाराला पोचलात तर दुसऱ्या हिशेबात पाचवा दिवस लागतो.

किलोमीटर कुठून मोजायचे हाही प्रश्न असतो. धंद्यात गॅरेज ते गॅरेज मोजतात, म्हणजे गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून परत तिथं पोचेपर्यंत. यवतमाळची गाडी असेल तर तुमच्यापर्यंत यायचे-जायचे नव्वदेक वरच्या हिशेबात वाढतील. नागपूरची असेल तर तीनशेच्या वर, आणि त्यात तुम्ही गाडीत बसलेलेही नसता. म्हणून वर म्हटलं, यवतमाळचीच घ्या. निघताना आणि परतताना मीटरचा फोटो काढा.

मिस्टरांच्या सेल्फ ड्राइव्हच्या बाजूनं एक मुद्दा आहे, तो मोकळेपणानं सांगतो: ड्रायव्हर नसला की एक सीट वाचते. मग सात सीटच्या गाडीत तुम्ही सातही जण बसता, भत्ता नाही, ड्रायव्हरच्या झोपण्या-जेवण्याची काळजी नाही. मिस्टरांना घाटाची सवय असेल तर वाईट नाही. पण गाडी नागपूरहून आणायची, परत नेऊन द्यायची, त्यात एक अख्खा दिवस आणि तेल जाणार. डिपॉझिट अडकतं, किलोमीटरची मर्यादा असते, आणि जुना ओरखडा तुमच्या नावावर लागतो. घेतलीच तर ताब्यात घेताना चारी बाजूंचा, छताचा, टायरचा, स्टेपनीचा व्हिडिओ काढा. आणि पाटी पाहा. कायदेशीर सेल्फ ड्राइव्ह गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. ड्रायव्हरसकट भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी.

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं मिळते, स्वस्त मिळते, आणि गावोगाव मिळते. कुणाच्या तरी मावसभावाची असते. मी धंद्यातला म्हणून बोलतोय असं वाटेल, वाटू द्या. पोलिसांनी धरलं तर परवान्याशिवाय भाडं मारल्याचा १०,००० पर्यंत दंड होतो, तो गाडीमालकाचा. पण अपघात झाला आणि गाडी भाड्यानं चालली होती हे विमा कंपनीला कळलं, की ती हात वर करायला मोकळी. त्या वेळी मावसभाऊ फोन उचलत नाही.

नंबर मिळाला की मोबाइलवर एमपरिवहन ॲपमधे टाका. नोंदणीचं साल, विमा, फिटनेस कधीपर्यंत, सगळं दिसतं. टॅक्सीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस काढावं लागतं. ते संपलेलं दिसलं तर पुढं बोलूच नका. आईंना मुक्तागिरीचं दर्शन घ्यायचं असेल, परतवाड्याहून जवळच आहे, तर तेही आताच सांगा. ते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात येतं. गाडीला ऑल इंडिया परमिट असेल तर हरकत नाही, फक्त महाराष्ट्राचं असेल तर तिकडचा टॅक्स भरावा लागतो आणि तो कुणी भरायचा यावरून सीमेवर वाद घालण्यात मजा नाही.

टायरचं पाहा म्हटलं की लोक बुटानं लाथ मारून पाहतात. त्यानं काही कळत नाही. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर असेल तर नक्षी कितीही चांगली दिसो, मी समृद्धीवर नेत नाही. सिमेंटचा सरळसोट रस्ता, तासन् तास एकाच वेगात गाडी, टायर तापतो, आणि जुनं रबर तिथं दगा देतं. त्या रस्त्यावर लहान गाड्यांना १२० ची मर्यादा आहे, पण पुष्कळ पिवळ्या पाटीच्या गाड्या ८० ला बांधलेल्या असतात. तुमची तशी निघाली तर ड्रायव्हरवर ओरडू नका, उलट बरं समजा. स्टेपनी कुठं आहे, तीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे मालकासमोर काढून दाखवायला सांगा. एर्टिगा आणि क्रिस्टा दोन्हींत ती खाली पोटाला टांगलेली असते, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं.

ड्रायव्हर गाडीपेक्षा महत्त्वाचा आहे आणि भाडं ठरवताना त्याच्याबद्दल कुणी एक शब्द विचारत नाही. चिखलदऱ्याला किती वेळा गेला, एवढंच विचारा. उत्तराच्या पद्धतीवरून समजतं. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे महाभाग अजून आहेत. ज्या गिअरात चढली त्याच गिअरात उतरवायची, इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. उतारावर इंजिनाचा आवाज एकदम शांत झाला आणि गाडी वेग घ्यायला लागली, तर सरळ सांगा, “दादा, गिअरात घ्या.” करपल्यासारखा वास आला तर थांबवा आणि अर्धा तास थांबा. ब्रेकवर पाणी ओतू नका.

आणि तो रात्री झोपणार कुठं? शेगावात गर्दीत तुम्हाला खोली मिळाली आणि तो गाडीत डासांशी मारामारी करत जागला, तर सकाळी तुमच्या सात जणांना घेऊन घाट तोच चढवणार आहे. खोली ठरवताना ड्रायव्हरची सोय आहे का ते विचारा. नसेल तर तीन-चारशे रुपये वरचे द्या आणि त्याला कुठं तरी पाठ टेकू द्या. मी स्वतः कितीतरी रात्री सीट आडवी करून काढल्या आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते चार या वेळात डोळे उघडे असतात, पण दिसत काही नाही.

रात्रीचा प्रवास टाळा. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडचे रस्ते मोकळे नसतात हे तुम्ही जाणताच. कुठं सोयाबीन वाळत घातलेलं, कुठं कापसाची ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना चमकपट्टी. वर रोही, म्हणजे नीलगाय. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून तुमच्याकडे पाहतो आणि दिवा अंगावर आला की नेमकी उडी मारतो. कारंज्याच्या पट्ट्यात मी त्याच्यामुळे एक रेडिएटर आणि एक बंपर घालवला आहे. सकाळी सहाला निघा, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा.

लोणारला बाबांना खाली सरोवरापर्यंत नेऊ नका. उतरण आहे आणि परत चढायचं आहे. काठावरून सगळं विवर दिसतं, जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं. मुलाला सांगा, २०२० च्या जूनमधे हे पाणी गुलाबी झालं होतं. शेगावला गुरुवार येणार नाही असं पाहा.

तर एर्टिगावाल्याला नाही म्हणा. गाडी चांगली आहे, चार-पाच माणसांना तिच्यापेक्षा परवडणारी दुसरी नाही, आणि आई-बाबा येणार नसते तर मीच तुम्हाला ती घ्या म्हटलं असतं. इनोव्हावाल्याला फोन करून विचारा: क्रिस्टाच का, आठ सीट का, नंबर काय, कॅरियर आहे का, किमान किलोमीटर किती. पाचही उत्तरं नीट आली तर दोन हजार बयाना द्या. आठ सीटची दिवाळीत लवकर जाते, कारण अशा गाड्या मुळात कमी आहेत. निदान तीन आठवडे आधी बोला. आणि निघायच्या दिवशी देवघरातला पाट काढू नका, आई रागावतील. जेवायला बसायचा एखादा जुना असेल तो डिक्कीत टाका.